नवतपा, पत्र्याचा हॉल आणि तिसरा गेम

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावातली ही गोष्ट, बॅडमिंटनच्या स्पर्धेत एका खेळाडूला झालेल्या उष्माघाताची. गावाचं आणि क्लबचं नाव देत नाही, माणसांची नावं बदललीत, बाकी जसं घडलं तसंच लिहितोय. मी त्या स्पर्धेच्या कमिटीत होतो आणि ज्या मॅचमध्ये हे झालं तिला खुर्चीवर अंपायर म्हणून मीच बसलेलो होतो, म्हणजे सगळ्यात जवळून आणि सगळ्यात जास्त वेळ मीच बघत होतो. म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं.

आमचा हॉल तीन कोर्टांचा आहे. विटांच्या भिंती, वर पत्रे, आणि खिडक्या उंचावर, त्याही काळ्या रंगानं रंगवलेल्या, कारण उजेड डोळ्यावर आला की शटल दिसत नाही. खिडक्यांना चार मोठे कूलर लावलेत. पण जे बॅडमिंटन खेळतात त्यांना माहितीये की मॅच चालू असताना कूलर बंद, पंखे बंद, दारं बंद. जरा वारा लागला की शटल वाहवत जातं आणि मग भांडणं सुरू होतात. त्यामुळे कूलर फक्त दोन मॅचच्या मधे चालायचे आणि त्यातही दारं बंदच राहायची.

स्पर्धा खरं म्हणजे मार्चमध्ये घ्यायची होती. तेव्हा हॉल सरकारी कामासाठी घेतला गेला, मग परीक्षा आल्या, मग लग्नं आली, आणि ढकलत ढकलत तारीख आली मे महिन्याच्या शेवटी, नवतप्यात. नवतपा म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे पहिले नऊ दिवस, २५ मेच्या आसपास सुरू होतात, आमच्याकडं हे पोरासोरांनाही माहीत असतं. कमिटीत कुणीच म्हणलं नाही की नवतप्यात नको. आम्ही एवढंच ठरवलं की दुपारी ११ ते ५ खेळ बंद ठेवायचा, सकाळी ६ ते ११ आणि संध्याकाळी साडेपाचपासून रात्रीपर्यंत मॅचेस घ्यायच्या. ऊन टाळलं, म्हणजे झालं असं आम्हाला प्रामाणिकपणे वाटलं होतं, आणि या सगळ्या प्रकरणातली पहिली चूक तीच.

आता सुधीरभाऊंबद्दल. वय ५३, कॉलेजात नोकरी, वीस वर्षांपासून रोज खेळणारा माणूस, फिट, अजिबात दारू-तंबाखू नाही. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या चालू होत्या, त्यातली एक लघवी वाढवून अंगातलं पाणी आणि मीठ कमी करणारी. हे आम्हाला नंतर कळलं. नंतर कळलेल्या अजून तीन गोष्टी अशा की ते मुलीकडे बंगळूरला तीन आठवडे राहून गुरुवारीच परत आले होते, शनिवारी रात्री लग्नात जागरण झालं होतं, आणि रविवारी सकाळी पोट बिघडून दोनदा पातळ जुलाब झाले होते. त्यांनी कुणाला सांगितलं नाही कारण पार्टनर प्रशांतचा हिरमोड होईल. रविवारी सकाळी एक मॅच खेळले, संध्याकाळी एक, आणि त्यानंतर ४५ प्लस डबल्सची सेमीफायनल, दिवसातली तिसरी.

बंगळूरचा मुद्दा जरा थांबून सांगतो कारण आमच्या भागात हा समज फार पक्का आहे की आपण उन्हातले माणसं, आपल्याला काय होते. शरीराला उन्हाची सवय होते हे खरं आहे, साधारण एक ते दोन आठवडे रोज गरमीत मेहनत केली की घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, घामातून मीठ कमी जातं, रक्ताचं प्रमाण वाढतं. पण ही सवय कायमची नसते. दोन-चार आठवडे थंड हवेत राहिलात की बरीचशी निघून जाते. म्हणजे त्या रविवारी सुधीरभाऊ जन्मानं विदर्भाचे होते, पण त्यांचं शरीर बंगळूरहून नुकतंच आलेल्या पाहुण्यासारखं होतं.

नेमकं काय घडलं

मॅच सुरू झाली तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते. बाहेर ऊन उतरलं होतं, लोक अंगणात पाणी शिंपडून खुर्च्या टाकून बसले होते. आत मात्र दिवसभर तापलेला पत्रा वरून आग ओकत होता, भिंतींना हात लावला तर गरम, आणि साठ-सत्तर माणसं बंद दारांमागे बसलेली. कूलरमुळे हवा ओलसर झालेली. माझा स्वतःचा शर्ट नुसता खुर्चीवर बसून भिजला होता आणि वाळत नव्हता. आमच्या कोरड्या उन्हाळ्यात घाम असा अंगावर राहत नाही, दिसायच्या आत उडून जातो. हे मला तेव्हा जाणवलं होतं, चांगलं आठवतंय. त्याचा अर्थ मात्र लावला नाही.

पहिला गेम सुधीरभाऊ आणि प्रशांतनं जिंकला, दुसरा हरले. तिसऱ्या गेमच्या सुरुवातीपासून मला गोष्टी दिसायला लागल्या. आधी त्यांनी ६ वर सर्व्हिस डाव्या बाजूनं करायला घेतली. स्कोअर सम असला की उजवीकडून सर्व्हिस, हे त्यांनीच गावातल्या निम्म्या पोट्ट्यांना शिकवलंय. मी सांगितलं, ते बाजूला गेले, आणि दोन पॉइंटनंतर परत तेच केलं. मग एका लाइन कॉलवर ते लाइनमनच्या अंगावर धावून गेले. हा माणूस आयुष्यात कधी आवाज चढवत नाही, समोरच्यानं चुकीचा कॉल दिला तरी हसून सोडून देतो. प्रेक्षकांत कुणीतरी म्हणालं, "आज भाऊ जोशात आहेत." मलाही तसंच वाटलं.

११ वर बाजू बदलायची असते आणि ६० सेकंदांचा ब्रेक असतो. त्या ब्रेकमध्ये ते बाटली हातात धरून नुसते उभे राहिले, पाणी प्यायलेच नाहीत. मी खुर्चीवरून विचारलं, "भाऊ, ठीक आहे ना?" तर म्हणाले, "मी एकदम ठीक आहो, तू स्कोअर सांग." शब्द जरा जड येत होते. मी प्रशांतकडे बघितलं, प्रशांतनं माझ्याकडे बघितलं, आणि दोघांनीही काही केलं नाही. मी स्कोअर सांगितला आणि खेळ चालू केला.

१३-११ ला रॅली संपली, सुधीरभाऊ शटल उचलायला वाकले आणि तसेच खाली बसले. मग एका कुशीवर आडवे झाले. डोळे उघडे, पण हाक मारली तर भलतंच काहीतरी पुटपुटत होते. घाम मात्र धो धो चालू होता.

पर्याय काय होते

पुढच्या दोन-तीन मिनिटांत हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो सविस्तर लिहितो, कारण असा गोंधळ कुठल्याही हॉलमध्ये, कुठल्याही मैदानावर होणार आहे आणि तेव्हा विचार करायला वेळ नसतो.

एक गट म्हणाला गाडी काढा आणि दवाखान्यात न्या, माझाही जीव तिकडेच होता. दवाखाना वीस-पंचवीस मिनिटांवर, रविवार संध्याकाळ, लग्नाच्या वराती रस्त्यावर. दुसरे म्हणाले १०८ ला फोन करा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हलवू नका, कारण हार्ट ॲटॅक असू शकतो. तिसरे एक काका कांदा शोधायला पळाले, तळपायाला आणि कानामागे कांदा चोळायचा म्हणून, आणि कुणीतरी घरून आणलेल्या पन्ह्याची बाटली त्यांच्या तोंडाला लावायलाही सुरुवात केली. एकानं तापाची गोळी काढली. प्रत्येकाच्या मनात चांगलंच होतं, यात शंका नाही. आणि जवळजवळ सगळेच म्हणत होते की घाम येतोय ना, म्हणजे ऊन लागलेलं नाही, ऊन लागलं की अंग कोरडं पडतं.

अंग कोरडं पडण्याचं हे पुस्तकी लक्षण म्हाताऱ्या माणसांच्या, घरात बसल्या बसल्या झालेल्या उष्माघातात दिसतं. मेहनत करताना होणाऱ्या उष्माघातात माणूस घामानं निथळत असू शकतो. ओळखायची खूण घाम नाही, डोकं आहे. गरमीत जोराचा खेळ चालू होता आणि माणूस बरळतोय, भांडतोय, तोल जातोय, साधी गोष्ट विसरतोय, तर आधी उष्माघातच समजायचा.

हे आम्हाला त्या दिवशी मनीषाताईंनी सांगितलं. ताईंची वीस वर्षं नर्सिंगमध्ये गेलीत, मुलीची मॅच बघायला म्हणून गॅलरीत बसल्या होत्या. त्या खाली आल्या, आधी श्वास आणि नाडी बघितली, दोन्ही चालू, नाडी खूप जोरात. मग विचारलं, "भाऊ, आज वार कोणता?" सुधीरभाऊंनी उत्तर दिलं ते कुणालाच कळलं नाही. ताईंनी पन्ह्याची बाटली हातातून काढून घेतली, शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तापाची गोळी पण नको म्हणाल्या, कारण हा इन्फेक्शनचा ताप नाही, या गोळीनं तो उतरत नाही आणि आधीच ताणात असलेल्या लिव्हरवर अजून भार पडतो. फर्स्ट एडच्या डब्यातला थर्मामीटर कुणीतरी काखेत लावला होता, तो दाखवत होता ३८ पॉइंट काहीतरी, आणि ते बघून दोघं-तिघं म्हणाले की एवढा काही ताप नाही. ताई म्हणाल्या, "काखेतल्या आकड्यावर जाऊ नका, घामानं ओली काख आहे, आत किती तापलाय ते यात कळत नाही."

आणि मग त्यांनी तो निर्णय घेतला ज्याच्यामुळे पुढचं सगळं झालं. म्हणाल्या, "१०८ ला फोन लावा, पण गाडीत कुणी घालायचं नाही. आधी इथेच गार करायचं, मग न्यायचं."

काय केलं

शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असेल तर ते जितका वेळ वर राहील तितकं मेंदू, किडनी, लिव्हर यांचं नुकसान वाढत जातं, आणि पहिल्या अर्ध्या तासात खाली आणलं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप जास्त असते. हा अर्धा तास आम्ही गाडीत, वरातीच्या मागे घालवला असता. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बसवणं. आमच्याकडे टब नव्हता. पण पावसाळ्यात गळक्या कोपऱ्यावर टाकायची ताडपत्री होती.

पहिली बादली नळावरून भरली तर पाणी हाताला चटका बसेल असं, कारण गच्चीवरची टाकी दिवसभर तापलेली. ज्यांनी इथला उन्हाळा बघितलाय त्यांना हे सांगायला नको, तरी घाईत लक्षात येत नाही आणि आम्ही खरंच ती बादली त्यांच्यावर ओतणार होतो. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कूलरच्या टाकीतलं पाणी गार असतं. कूलरचे प्लग आधी काढले (हे विसरू नका, ओल्या हातानं चालू कूलरला हात लावून दरवर्षी लोकांचे जीव जातात) आणि टाक्या बादल्यांनी उपसल्या. पिण्याच्या पाण्याचे थंड कॅन होते तेही घेतले. आणि दोन पोट्टे समोरच्या रसवंतीवर पळाले. रसवंतीवाल्यानं काही न विचारता भुशात ठेवलेली बर्फाची अर्धी लादी गोणपाटासकट उचलून दिली आणि फोडायला स्वतः हातोडी घेऊन मागे आला.

सुधीरभाऊंचे बूट-मोजे आणि टी-शर्ट काढले, ताडपत्रीच्या मधोमध झोपवलं, सहा जणांनी कडा वर धरल्या म्हणजे पाणी मधे साचेल असा झोळ तयार झाला. त्यात कूलरचं पाणी, कॅनचं पाणी, वरून बर्फ. ताडपत्री सतत हलवत राहायची, कारण अंगाजवळचं पाणी लगेच कोमट होतं. डोकं एका जणानं वर धरलेलं, त्याला दुसरं काम नाही. डोक्यावर ओला टॉवेल, दर मिनिटाला बदलायचा. हॉलची चारही दारं उघडली, पंखे पूर्ण स्पीडला, बघ्यांना बाहेर काढलं. पडल्यापासून गार पाणी अंगावर पडेपर्यंत सहा-सात मिनिटं गेली असतील, आम्ही आधी तयार असतो तर ती दोनवर आली असती.

साधारण पंधरा मिनिटांनी ते थरथरायला लागले आणि डोळे नीट फिरवून म्हणाले, "माझा चष्मा कुठाय?" प्रशांत तिथेच रडायला लागला. ताईंनी अजून थोडा वेळ चालू ठेवून मग बाहेर काढायला सांगितलं, कारण एकदा माणूस भानावर आला आणि थरथर सुटली की जास्त गार करत बसायचं नसतं. तेवढ्यात ॲम्ब्युलन्स आली. वहिनींना फोन मी केला. तो फोन करतानाचे माझे शब्द मला आजही आठवत नाहीत.

पुढे काय झालं

दवाखान्यात गुदद्वारातून तापमान घेतलं, ते ३९ च्या थोडं वर होतं, म्हणजे आम्ही गार करून आणल्यावरसुद्धा इतकं. सलाईन, तपासण्या, ईसीजी सगळं झालं. हृदय ठीक होतं. पहिल्या रात्री लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायू मोडून त्यातला रंग लघवीत उतरतो तेव्हा तसं होतं, आणि किडनीवर ताण आल्याचं रिपोर्टमध्ये दिसत होतं. लिव्हरचे आकडे तर तिसऱ्या दिवशी वाढले, तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की आता धोका टळला. म्हणून अशा माणसाला शुद्ध आली म्हणून घरी न्यायचं नसतं, सुधीरभाऊ पहिल्या रात्रीच "मी चाललो घरी" म्हणत होते. पाचव्या दिवशी सोडलं. डायलिसिसची वेळ आली नाही.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशरची गोळी बदलून दिली. खेळ पूर्ण बंद. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर आधी चालणं, मग गार वेळेत हलका व्यायाम, मग दोनेक आठवडे हळूहळू वाढवत नेणं, असा क्रम सांगितला. कोर्टवर ते ऑगस्टमध्ये आले, पाऊस पडून हॉल गार झाल्यावर, आणि पहिले काही दिवस फक्त नेटवर टॅप करून घरी जायचे.

निर्णय कुठे कुठे चुकले

यावर आमच्या तीन मीटिंग झाल्या आणि पहिली मीटिंग अर्धी याच्यातच गेली की सुधीरभाऊंनी सांगायला पाहिजे होतं. पाहिजे होतं, मान्य. पण मला ते पटत नाही की चूक तिथेच संपते. गरमी आधी डोक्यावर परिणाम करते. ज्याला त्रास होतोय त्याची, आपल्याला त्रास होतोय हे ओळखायची ताकदच आधी जाते. ११ च्या ब्रेकमध्ये मी ज्या माणसाला "ठीक आहे ना" विचारलं त्याच्याकडे त्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतकं डोकं शिल्लक नव्हतं. आणि मी त्याच्या "मी ठीक आहो" वर मॅच चालू केली. तिथे थांबवायचं काम माझं होतं. मी "ठीक आहे ना" ऐवजी "आज वार कोणता, मागच्या गेमचा स्कोअर काय" असं विचारलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं, आणि तेव्हा बर्फाच्या ताडपत्रीची नाही, नुसती सावली, गार पाणी आणि आडवं पडायची गरज लागली असती कदाचित.

दुसरं, मी का थांबवलं नाही. खरं कारण हे की थांबवलं असतं तर वॉकओव्हर. प्रशांतची सेमीफायनल गेली असती, समोरच्यांना फुकटची फायनल मिळाली असती, लोक म्हणाले असते अंपायरनं मॅच खाल्ली. नियमात थांबवायची किंमत इतकी मोठी होती की कुणीच थांबवणार नव्हतं. हे मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचं आहे, पाण्याच्या बाटल्या आणि ओआरएसपेक्षाही.

तिसरं म्हणजे वेळ. आम्ही घड्याळ बघून ऊन टाळलं, हॉल बघितलाच नाही. पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारची गरमी संध्याकाळी उतरते, तिथली सगळ्यात वाईट वेळ बाहेरच्या वाईट वेळेच्या मागून येते. आणि नुसता थर्मामीटर बघूनही फसायला होतं. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरच्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ माणसं गेली तेव्हा तिथलं तापमान ३८ च्या आसपास होतं, आमच्याकडं तर एवढ्यात लोक आज जरा बरंय म्हणतात. पण तिथे दमट हवा, डोक्यावर उघडं ऊन, तासन्‌तास बसणं. खेळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात तिचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग उष्णता होऊन अंगातच राहतो, आणि ती बाहेर टाकायचा मोठा मार्ग एकच, घाम वाळणं. नुसता घाम गळून उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. आम्ही बंद दारांच्या हॉलमध्ये कूलर चालवून आणि सत्तर माणसांचा घाम कोंडून तोच मार्ग बंद केला होता.

चौथं, पडल्यानंतरचं जे बरोबर झालं ते नशिबानं झालं. मनीषाताईंच्या मुलीची मॅच सकाळी असती तर? आमच्या कमिटीत एकालाही आधी गार करा, मग न्या हे माहीत नव्हतं.

कमिटीत एकाचं मत होतं की उन्हाळ्यात खेळच बंद ठेवावा. दुसरं टोक असं की एवढ्या वर्षांत एकदाच झालं, उगाच बाऊ नको. दोन्ही मला चुकीचं वाटतं. आमच्या गावात पोरांना सुट्टी उन्हाळ्यातच असते, तेव्हाच हॉल भरतो, बंद केला तर ती पोरं भर दुपारी सिमेंटच्या मैदानावर क्रिकेट खेळतात.

आता काय बदललंय

सगळ्यात आधी थांबवण्याची किंमत काढून टाकली. एप्रिल ते जून कुठल्याही मॅचमध्ये गरमीमुळे खेळाडू, पार्टनर, समोरची जोडी, अंपायर, यातल्या कुणीही हात वर केला तर मॅच त्या स्कोअरवर गोठते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच पुढे चालू होते. वॉकओव्हर नाही. कुणी याचा फायदा घेईल अशी भीती होती, दोन सीझनमध्ये चार वेळा हात वर झाला आणि चारही वेळा कारण खरं होतं. आणि कुणी पडलं तर कोर्टवर जायला कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. जून २०२४ ला इंडोनेशियातल्या योग्यकर्त्याला आशियाई ज्युनियर स्पर्धेत चीनचा १७ वर्षांचा झांग झिजिए कोर्टवर कोसळला, ती उष्माघाताची नाही, हृदय बंद पडल्याची घटना होती, पण मदत आत यायला लागलेल्या वेळावरून जगभर किती चर्चा झाली ते बॅडमिंटनवाल्यांना आठवत असेल.

मग मोजमाप. दोन साधे थर्मामीटर घेतले, एकाच्या टोकाला मलमलचं फडकं गुंडाळून ते पाण्याच्या डबीत सोडलं आणि समोर छोटा पंखा लावला. ओल्या फडक्याचा आकडा गुणिले ०.७ आणि कोरडा आकडा गुणिले ०.३, दोन्हीची बेरीज. सावलीतल्या हॉलसाठी हे पुरेसं जवळ जातं, पत्रा तापलेला असेल तर खरा ताण याहून थोडा जास्तच धरायचा. याच प्रकारच्या मोजमापावर पुरुष टेनिसच्या एटीपीनं २०२६ पासून नियम आणलाय, ३०.१ ला तीन सेटच्या मॅचमध्ये दुसऱ्या सेटनंतर दहा मिनिटांचा ब्रेक मागता येतो, ३२.२ च्या वर खेळ थांबतो. ते लोक धंदेवाईक खेळाडू आहेत, पंचविशीतले, सोबत फिजिओ घेऊन फिरणारे. आमच्याकडे पन्नाशीतले काका आणि दहा वर्षांची पोरं, म्हणून आम्ही २८ ला पाच मिनिटांचे ब्रेक आणि ३० ला बंद असं ठेवलंय.

हे मोजायला लागल्यावर जे दिसलं ते मला आधी पटलं नव्हतं. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी दारं सताड उघडी, कूलर बाहेरची हवा आत ओढतोय, तेव्हा कोरडा ३४, ओला २५, बेरीज २७.७. दुसऱ्या संध्याकाळी दारं बंद, दोन तास गर्दी, कोरडा ३५, ओला २९, बेरीज ३०.८. नुसता थर्मामीटर बघणाऱ्याला एकाच डिग्रीचा फरक.

म्हणून आता उन्हाळ्यात दारं उघडी ठेवूनच खेळतो. शटल वाहतं, हो. मग दोन्ही जोड्यांना सारखंच वाहतं आणि गेमनंतर बाजू बदलतेच. सरावाला नायलॉनचं शटल वापरतो आणि मॅचला फेदरचं ७५ किंवा ७६ स्पीडचं, म्हणजे जरा हळू जाणारं, कारण गरम हवा पातळ असते आणि ७७ चं शटल सरळ मागच्या लाइनच्या बाहेर जातं. पत्र्यावर दरवर्षी मार्चमध्ये चुन्याचा पांढरा थर मारतो, खर्च फार नाही. वाऱ्यावर फिरणारे गोल व्हेंटिलेटर बसवलेत, त्याला मात्र वर्गणी काढावी लागली. एका माणसाला दिवसात दोनच मॅच. बाहेरगावाहून आलेल्याला पहिला आठवडा फक्त हलका खेळ, पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटं, मग रोज थोडं थोडं वाढवत.

एंट्री फॉर्मवर तीन प्रश्न वाढवलेत, कुठल्या गोळ्या चालू आहेत, दोन दिवसांत ताप-जुलाब झाले का, रात्री झोप झाली का. गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे त्याच्याच खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण पहिल्या वर्षी एका काकांनी खेळायला मिळावं म्हणून बीपीची गोळी सोडली होती आणि ते जास्त धोक्याचं. पाण्याचं पण तसंच, तहान लागेल तसं पीत राहायचं, तासाभराच्या वर खेळ असेल तर ओआरएस किंवा मीठ घातलेलं ताक-पन्हं, पण उगाच चार-चार लिटर नुसतं पाणी ढोसायचं नाही, त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जीवावर येऊ शकतं. आणि भरपूर पाणी प्यायलं की उष्माघात होत नाही असंही नाही.

हॉलच्या कोपऱ्यात आता मोठा प्लास्टिकचा टब आहे, ताडपत्री आहे, आणि उन्हाळ्यात रोज संध्याकाळी रसवंतीवरून बर्फ येऊन थर्माकोलच्या पेटीत पडतो. खेळ संपला की त्याचंच सरबत होतं. दरवर्षी एप्रिलच्या पहिल्या रविवारी मनीषाताई अर्धा तास सगळ्यांना ताडपत्री धरायला शिकवतात, आडवं पडायचं काम पहिल्या वर्षी सुधीरभाऊंनीच केलं.

गेल्या मेमध्ये सकाळी साडेआठला अंडर-१७ च्या सिंगल्समध्ये एका मुलीनं सलग दोन सर्व्हिस नेटमध्ये मारल्या आणि तिसऱ्या वेळी चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. हात वर केला तो समोरच्या मुलीनं. ती १७-१२ नं पुढे होती. दोघींना दाराजवळ बसवलं, पाय वर, मानेवर ओले टॉवेल, पाच-दहा मिनिटांत पहिली मुलगी नीट बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी सहा वाजता १७-१२ पासून मॅच पुढे चालू झाली, खुर्चीवर मीच होतो.